शिरोडकर पुढं कुठं गेली?

आमच्या घरी पुस्तकं यायची ती दादाच्या नावावर.

बुलडाणा जिल्ह्यातल्या, घाटाखालच्या एका तालुक्याच्या गावातलं वाचनालय. खाली तेला-मिठाचं दुकान, बाजूनं लोखंडी जिना, वर दोन खोल्या. १९८३ साली मी नववीत होते. त्या जिन्यावरून मुली वर जात नसत. तशी पाटी वगैरे काही नव्हती. जात नसत, एवढंच. वर गावातली रिकामी मंडळी पेपर वाचत बसलेली असायची आणि एखादी मुलगी जिना चढायला लागली की सगळे पेपर एकदम खाली यायचे. दादाला वाचनाचं वावडं. त्याचा जीव व्हॉलीबॉलमध्ये. पण सभासद तो, कारण अनामत रक्कम बाबांनी त्याच्या नावानं भरलेली. मी वहीच्या कागदावर नावं लिहून द्यायची आणि तो ग्राउंडवर जाता जाता पुस्तक बदलून आणायचा. चिठ्ठी हरवली की ग्रंथपालांच्या मनाला येईल ते पुस्तक यायचं. अशा एका हरवलेल्या चिठ्ठीपायी पंधराव्या वर्षी माझ्या हातात 'गीतारहस्य' पडलं होतं.

एक पुस्तक आलं की आई, काकू, मी, शेजारच्या दोघीजणी आणि गच्चीवरून गच्चीवर पोचवलं तर पलीकडची नवी सून, एवढ्या जणी आठ दिवसांत ते वाचून काढायचो. रजिस्टरात नोंद एकाच नावाची. दोन-तीन वर्षांनी वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात सर्वांत जास्त पुस्तकं नेणारा वाचक म्हणून दादाचा सत्कार झाला. नारळ आणि शाईचं पेन. घरी आल्यावर ते पेन त्यानं मुकाट्यानं माझ्या दप्तरात टाकलं. नारळाची आईनं चटणी केली.

हे सगळं यंदा आठवलं ते भाचीमुळं. ती चिखलीला असते, अकरावीत आहे. उन्हाळ्यात तिला मी मिलिंद बोकील यांची 'शाळा' वाचायला दिली आणि देताना सहज म्हटलं, वाचून झाली की सांग काय वाटलं ते. ती म्हणाली, "मावशी, तुला काय वाटलं होतं ते आधी सांग." मला धड सांगता आलं नाही. मग मी घरातली, वाचनालयातली, मैत्रिणींकडची, वयात येण्याची आणि प्रेमात पडण्याची म्हणून जी पुस्तकं आम्ही वाचली ती पुन्हा काढली. काही वाचताना हसू आलं, काही वाचवेनात. दोन पुस्तकांसाठी एसटीनं मेहकरपर्यंत जाऊन आले.

वयात येण्याची पुस्तकं असं काही वेगळं कपाट आमच्या वाचनालयात नव्हतंच. लहान मुलांसाठी 'किशोर' मासिक होतं. बालभारतीनं ते १९७१ साली सुरू केलं आणि आमच्या शाळेत ते येई. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता. त्याच्यानंतर एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्या. मधल्या वयासाठी पायरीच नव्हती. तेराव्या वर्षी फेणेच्या सायकलवरून उडी मारायची ती थेट ना. सी. फडक्यांच्या बागेत. फडक्यांच्या नायिका कॉलेजात जात, संध्याकाळी फिरायला जात, त्यांना भेटायला येणारे तरुण नीट कपड्यांत येत. मे महिन्यात आमच्याकडं पारा पंचेचाळिसावर जातो. संध्याकाळी फिरायला जायचं ते गच्चीवर, पाणी मारायला. तरीही मी फडके सगळे वाचले. त्या मुली काय बोलतात यापेक्षा त्यांना बाहेर जाताना कुणी विचारत कसं नाही, याचं मला जास्त नवल वाटायचं.

खांडेकर आई वाचायची आणि खांडेकर वाचताना बघितलं तर कुणी काही बोलत नसे. चंद्रकांत काकोडकरांना मात्र वर्तमानपत्राचं कव्हर लागायचं. कव्हर घातलं की ते पुस्तक कुणाचं हे घरातल्या प्रत्येकाला कळायचं, कारण बाकीच्या पुस्तकांना कव्हर नसायचं. पण ही युक्ती अर्ध्या महाराष्ट्रात चालत होती.

काकोडकरांबद्दल एक गोष्ट दिवाळी अंकात सांगायलाच हवी, कारण ती दिवाळी अंकातच घडली. १९६२ च्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात त्यांची 'श्यामा' ही कथा छापून आली. ती अश्लील आहे म्हणून खटला झाला. खालच्या कोर्टानं सोडून दिलं, मुंबई उच्च न्यायालयानं दोषी ठरवून पंचवीस रुपये दंड केला, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं काकोडकरांना निर्दोष सोडलं. निकालात न्यायमूर्तींनी वाढत्या वयाच्या मुलांचा मुद्दाम विचार केला आहे. कादंबरीत स्त्री-पुरुष संबंधांचा नुसता उल्लेख आला म्हणून ती मुलांना वर्ज्य ठरवायची झाली, तर मुलांना कुठलीच कादंबरी वाचता येणार नाही आणि त्यांच्या वाट्याला केवळ धार्मिक पुस्तकं उरतील, असं त्यांचं म्हणणं. मी हे वाचलं तेव्हा मला आमचे ग्रंथपाल आठवले. चिठ्ठी हरवल्यावर त्यांनी हाच न्याय लावला होता.

'श्यामा' पुढं कधीतरी वाचली. आता ती कुणाला बिघडवेल असं वाटत नाही. तिच्यापेक्षा तो निकाल जास्त तरुण वाटतो.

'कोसला' दादानं स्वतःहून आणली. तो तेव्हा कॉलेजात होता आणि कुणीतरी त्याला सांगितलं होतं की हे पुस्तक आपल्याकडच्या माणसाचं आहे. खरंच होतं ते. भालचंद्र नेमाडे शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीचे. मलकापूरला गाडीत बसलं की तासा-दीड तासात त्यांचा मुलूख लागतो. केळीच्या बागा आणि आमची कपाशी, एवढाच काय तो फरक. १९६३ साली, पंचविशीत असताना त्यांनी ही कादंबरी लिहिली. खेड्यातला मुलगा पुण्याला जातो, वसतिगृहात राहतो, पैसे उडवतो, सगळ्याचा कंटाळा येऊन परत येतो. दादानं आयुष्यात पूर्ण वाचलेलं हे बहुधा एकमेव पुस्तक. महिनाभर तो पांडुरंग सांगवीकरासारखा बोलत होता, उदाहरणार्थ वगैरे. बाबांना वाटलं पोरगा हाताबाहेर गेला.

मी मात्र अडकले मनीपाशी. पांडुरंगाची ही धाकटी बहीण देवीच्या आजारानं जाते. ती पानं मी वाचली तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. शेजारी झोपलेल्या आजीनं विचारलं, "काऊन रडून राह्यली वं?" मी म्हटलं, "काही नाही, पुस्तकात एक पोरगी मेली." आजी म्हणाली, "मंग ठेव ना ते पुस्तक," आणि कुशीवर वळली. मराठीत मृत्यूवर यापेक्षा खरं काही फार थोडं लिहिलं गेलं असेल. आज पुन्हा वाचताना तेवढंच रडू आलं. पण या वेळी एक शंकाही आली, जी तेव्हा आली नव्हती. मनीच्या मरणानं पांडुरंग मोठा होतो. मनी मोठी होत नाही.

'शाळा' २००४ साली मौज प्रकाशनानं काढली तेव्हा मी पस्तिशी ओलांडली होती. एका बैठकीत वाचली. मुकुंद जोशी नववीत, मीही नववीत होते ते वर्ष डोळ्यांपुढं आलं, आणि इतक्या वर्षांनी मला कळलं की मागच्या बाकांवर ही पोरं काय करत होती. 'लाईन' हा शब्द आमच्याकडंही होता, अगदी त्याच अर्थानं. कुणाची लाईन कुणावर आहे, कोण लाईन देतं, कोण देत नाही, याची सगळी खानेसुमारी त्यांच्याकडं तयार असायची. आम्ही दोन वेण्या घालून, खाली मान घालून वर्गात शिरायचो आणि आपण कुणाला दिसत नाही असं समजायचो. बोकिलांनी त्या वयातल्या मुलाच्या डोक्यातला गोंधळ, भीती, गणिताचा पेपर, आणीबाणीत मोठी माणसं हळू आवाजात काय बोलतात, मामाचे सल्ले हे सगळं असं विणलंय की पुस्तक संपताना गळ्यात काहीतरी अडकतं. हे सांगायचं, कारण पुढं जे म्हणणार आहे त्यानं पुस्तक लहान होत नाही.

शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते. जोशी दहावीत जातो. आपण जोशीबरोबर थांबतो.

शाळेत आम्हालाही आडनावानंच हाक मारायचे. बापाचं नाव, बापाचं आडनाव, हजेरीत तेवढंच. अख्खी कादंबरी जिच्याभोवती फिरते ती मुलगी वाचकाच्या लक्षात आडनावानं राहते, हे कादंबरीकाराचं भानच आहे. नववीतल्या मुलाला तेवढंच दिसणार. पण मी तर जोशी नव्हते. मी वाचत होते त्या बाजूनं जिकडून शिरोडकर बघत असणार. गाव सोडण्याआधी तिच्या घरात काय झालं असेल? बोलणी कुणी ऐकली? नव्या गावात नव्या शाळेत मधूनच प्रवेश घेताना तिला कुणी काय विचारलं? तिच्या आईनं तिचं बोलणं बंद केलं का? आमच्या वर्गातली एक मुलगी दहावीच्या दिवाळीनंतर आलीच नाही. तिच्या वहीत एक चिठ्ठी सापडली होती, एवढं कळलं. चिठ्ठी लिहिणारा मुलगा मात्र मार्चमध्ये परीक्षेला आमच्याच हॉलमध्ये होता.

मग मी मोजायला लागले. वाईट सवय आहे, मान्य. 'कोसला'तली मनी जाते. 'शाळा'तली शिरोडकर निघून जाते. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त जब्या शालूसाठी काळ्या चिमणीच्या मागं रानोमाळ फिरतो, आणि शालू त्याच्याशी अख्ख्या सिनेमात धड बोलत नाही. 'सैराट' तेवढा वेगळा. २०१६ च्या एप्रिलमध्ये तो आला तेव्हा आमच्याकडं ट्रॅक्टर भरभरून लोक तालुक्याला बघायला गेले. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते आणि आधी तीच बघते. महत्त्वाचं म्हणजे मंजुळे तिच्या मागं हैदराबादपर्यंत गेले. पळून गेल्यावर पाणी कुठून आणायचं, भांडण झाल्यावर कुठं जायचं, हे दाखवायला थांबले. मराठीत पळून गेलेल्या मुलीच्या संसाराचा हिशेब असा कुणी ठेवला नव्हता. आणि तो पुरता झाला तेव्हा तिचे घरचे आले.

खरं तर मराठीत ही गोष्ट मुलीच्याच तोंडून सुरू झाली होती, हे मी विसरले होते. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' पत्र काढलं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः छापायला घेतली. यमू स्वतःची गोष्ट स्वतः सांगते: माहेरची बोलणी, सासर, शिकवणारा नवरा, मग वैधव्य आणि केशवपन. १८९१ साली इंग्रज सरकारनं संमतिवय दहावरून बारावर नेलं आणि त्यावरून इकडं केवढं रण माजलं. त्याच सुमारास लोक दर आठवड्याला यमूची हकीकत वाचत होते. वयात येणाऱ्या मुलीवरची ही मराठीतली मोठी कादंबरी एका पुरुषानं बाईच्या आवाजात लिहिली. पुढं १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं. शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं त्यात इतकं उघड होतं की विभावरी शिरूरकर म्हणजे कोण, यावर महाराष्ट्रभर तर्क चालले. पुस्तकाविरुद्ध निषेध झाले. लेखिका बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, टोपणनावाआड राहिल्या म्हणून निभावल्या. अमेरिकेतही फार वेगळं नव्हतं. १९६७ साली 'द आउटसायडर्स' ही तिकडच्या किशोर-कादंबऱ्यांची वाट पाडणारी कादंबरी निघाली. लिहिणारी शाळकरी पोर, सुझन हिंटन. मुलांच्या टोळ्यांबद्दल मुलीनं लिहिलंय म्हटलं तर कुणी मनावर घेणार नाही, म्हणून कव्हरवर नुसती आद्याक्षरं आली.

दादाच्या कार्डाची ही सगळी मोठी भावंडं.

आणि मग मेहकर. आमच्या जिल्ह्यात माणसाची पहिली ओळख होते ती घाटावरचा की घाटाखालचा यावरून. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव खाली; बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार वर. बोली बदलते, पाणी बदलतं, खालचे लोक वरच्यांना थंड हवेचे म्हणून चिडवतात. चिखलीहून मेहकरला जाणारी एसटी सकाळी मुलींनी भरलेली असते. मानव विकासच्या निळ्या गाड्या आणि मोफत पास आल्यापासून खेड्यातल्या मुली बारावीपर्यंत तरी रोज तालुक्याला येतात. मी त्यांच्यात उभी होते. एका तासात एकीच्याही हातात पुस्तक दिसलं नाही, मात्र सगळ्या वाचत होत्या. फोनवर.

मेहकर हे ना. घ. देशपांड्यांचं गाव. १९०९ चा जन्म. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेच साल. आयुष्य त्यांनी पैनगंगेच्या काठच्या या गावात काढलं, पुण्या-मुंबईच्या वाऱ्याला उभं राहायला गेले नाहीत. 'शीळ' ही त्यांची कविता तिसाच्या दशकात जी. एन. जोशींच्या आवाजात तबकडीवर आली आणि घराघरांत गेली. मराठी भावगीताची सुरुवात सांगताना अनेक जण तिथून करतात. त्याच नावाचा त्यांचा संग्रह १९५४ साली आला. पुढं 'खूणगाठी'ला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा आमच्या शाळेत त्याची बातमी फळ्यावर लिहिली होती.

ते गाणं आमच्या आजीला पाठ होतं. कवी आपल्या जिल्ह्यातला हे तिला मरेपर्यंत ठाऊक नव्हतं. मीही कधी थांबून ऐकलं नव्हतं की त्यात बोलतंय कोण. मेहकरच्या बसस्थानकावर, उसाच्या रसाच्या गाड्याजवळ उभी राहून मी ते फोनवर लावलं. रानातून शीळ येते आणि ती ऐकून जिवाची उलघाल झालेली मुलगी बोलते. शीळ घालणारा गप्प आहे, त्याला एक शब्द नाही. लाईन मारणारा तिथंही आहे, पण माइक तिच्या हातात. मेहकरच्या रानातली, घराबाहेर पाऊल टाकताना दहादा विचार करणारी मुलगी, जवळपास नव्वद वर्षांपूर्वी, रेडिओवरून, तबकडीवरून, लग्नाच्या मांडवातल्या भोंग्यावरून साऱ्या महाराष्ट्राला सांगते की मला त्याची हाक ऐकू येते. आणि ती गाताना आमच्या आजीला कुणी कधी टोकलं नाही. गाणं होतं ना! तेच तिनं बोलून दाखवलं असतं तर?

अर्थात इथंही लिहिणारा पुरुषच. मला ते यंदा खटकलं नाही. उसाचा रस चांगला होता.

परतीच्या गाडीत शेजारी बसलेल्या मुलीला मी विचारलं, काय वाचतेस. ती आधी लाजली, मग दाखवलं. प्रतिलिपी ॲपवरची मराठी कथामालिका, शे-दीडशे भागांची. अशा मालिका मी भाचीकडूनही पाहिल्या होत्या. नायक मोठ्या कंपनीचा मालक, तुसडा, देखणा. नायिका साध्या घरची. काही कारणानं दोघांचं लग्न होतं, बहुतेक वेळा मनाविरुद्ध. कधी करार करून, कधी ऐन मांडवात नवरी बदलून. प्रेम सुरू होतं ते लग्नानंतर. विसाव्या भागाला तो तिच्यासाठी चहा करतो. चाळिसाव्या भागाला हात धरतो. पुढचा भाग हवा तर नाणी मोजा, नाहीतर उद्यापर्यंत थांबा.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वैतागले. कुठं यमू, कुठं विभावरी, आणि कुठं हा कंपनीचा मालक. भाषा मालिकांतली, प्रत्येक भागाच्या शेवटी कुणीतरी दारात उभं. पण दहा-बारा मालिका वाचल्यावर माझी अढी थोडी सैल झाली. लग्नाआधीचं प्रेम इथल्या मुलीला किती महाग पडतं, हे या कथा लिहिणाऱ्या बायकांना पक्कं ठाऊक आहे. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायकांमागं सुमारे बावीस जणींचं लग्न अठराच्या आत लागलेलं होतं. मुलगी कुणाशी बोलते असा नुसता संशय आला तरी ते लवकर लागतं. पळून गेली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यापुढं अठराच्या आतल्या मुलीच्या हो म्हणण्याला किंमत नाही. मुलगा आत जातो आणि मुलगी घरी परत येते, त्याच घरी. मग गोष्टीत लग्न आधीच उरकून टाकलेलं बरं. एकदा मंगळसूत्र गळ्यात आलं की नायिका त्याच्यावर रागावू शकते, रुसू शकते, त्याला जवळ येऊ नको म्हणू शकते, आणि तो ऐकतो. तो ऐकतो, हे या मालिकांतलं सगळ्यात मोठं स्वप्न आहे. कंपनी बिंपनी नंतर.

अर्थात कंपनीचंही कारण आहेच, आणि ते शोधायला लांब जावं लागत नाही. सदानंद देशमुख यांची 'बारोमास' ही कादंबरी २००२ साली आली, दोन वर्षांनी तिला साहित्य अकादमी मिळाली. देशमुख आमच्याच जिल्ह्यातले. ती शेतीची कादंबरी म्हणून वाचली जाते आणि ते योग्यच आहे. कोरडवाहू शेतकऱ्याचं घर आतून कसं पोखरतं हे इतकं जवळून कुणी दाखवलं नव्हतं. यंदा मी ती अलकाची बाजू धरून वाचली. एकनाथ शिकलेला, नोकरी नाही, शेतीला जुंपलेला. अलका त्याची बायको, शिकलेली, शेणामातीच्या घरात येऊन पडलेली. तिची कुरकुर पहिल्या वाचनात मला नकोशी झाली होती. आता वाटलं, या घरात 'मला हे नको' असं मोठ्यानं म्हणणारी ती एकटीच आहे. ती माहेरी निघून जाते. कादंबरी, अर्थातच, एकनाथाजवळ राहते. आज आमच्या भागात शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही, तीस-पस्तिशीची पोरं गावोगाव बसून आहेत, आणि मुलींचे बाप सोयरिकीत पहिला प्रश्न नोकरीचा विचारतात. मालिकेतला कंपनीचा मालक म्हणजे 'नोकरीवाला पाहिजे' याचंच फुगवलेलं रूप. एकनाथानं अलकाला दिलेलं उत्तर पुरं पडलं नाही, म्हणून हा आला.

मी हे भाचीला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, तू लई विचार करते. आम्ही झोप येत नाही म्हणून वाचतो."

तिची एक मैत्रीण तिथं लिहिते. तीन मालिका झाल्यात, वाचणाऱ्या हजारांत. घरी कुणाला पत्ता नाही. नाव टोपण, फोटो गुलाबाचा. मला तिचं नाव सांगायला भाचीनं साफ नकार दिला, आणि मला ते फार आवडलं.

जाता जाता मी माझ्या जुन्या वाचनालयातही गेले. लोखंडी जिना तोच, फक्त रंगवलेला. पेपर वाचणारी मंडळी आता खाली, दुकानाच्या ओट्यावर. वर दोन्ही खोल्यांत अभ्यासिका. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. टेबलाला टेबल लागलेलं आणि निम्म्याहून जास्त मुली. तासन् तास मान वर न करणाऱ्या. मी जिना चढले तर एकानंही बघितलं नाही. कादंबऱ्यांची कपाटं भिंतीकडं तोंड करून सरकवलेली होती, जागा पुरत नाही म्हणून. ग्रंथपाल नवे, तरुण. १९८३ चं रजिस्टर मिळेल का विचारलं तर हसले. वाळवी लागली म्हणून कधीच टाकून दिलंय.

मागच्या आठवड्यात भाचीचा फोन आला. 'शाळा' संपली होती, दोन महिने लावून. मी तयारीत होते. शिरोडकरच्या आडनावाबद्दल, तिच्या घराबद्दल, मला जे आता सांगता आलं असतं ते सगळं ओठावर होतं.

"आवडली," ती म्हणाली. "सूर्या भारी आहे." मग थोडं थांबून, "मावशी, एक सांग. शिरोडकरला दहावीला किती पडले असतील?"

मी म्हटलं, जोशीपेक्षा जास्त.

"मला पण तेच वाटलं," ती म्हणाली. पाठीमागून ताई जेवायला हाका मारत होती.